एफआरएमच्या नावाखाली 1,18,500 रुपये गेले, वडोदऱ्यातल्या मुलांनो सावध राहा

एफआरएम म्हणजे फायनान्शियल रिस्क मॅनेजर, आर्थिक जोखीम व्यवस्थापनाची दोन पार्टची परीक्षा. तिच्या पार्ट वनचा निकाल म्हणून क्लासवाल्यांनी हातात कागद ठेवला. निळा गोल शिक्का आणि खाली ‘72 टक्के, उत्तीर्ण’. तिथेच उठून जायला हवं होतं! ही परीक्षा घेणारी संस्था, गार्प, टक्के देतच नाही. पास की नापास एवढंच कळवते, आणि विषयवार तुम्ही कोणत्या क्वार्टाइलमध्ये, म्हणजे परीक्षार्थींच्या चारपैकी कोणत्या गटात, आहात ते. तेही थेट तुमच्या ईमेलवर.

पेपर तरी कुठे झाला? दांडियाबाजारातल्या त्यांच्याच हॉलमध्ये, ओएमआर शीटवर, 60 प्रश्न, अडीच तास. खरा पार्ट वन नेमून दिलेल्या केंद्रात संगणकावर होतो: 100 प्रश्न, 4 तास. पार्ट टूला 80 प्रश्न, वेळ तेवढाच. हे माहीत नव्हतं असं नाही. पण ‘भारतातल्या पार्टनर संस्थांना वेगळी सोय आहे’ असं ठासून सांगितलं, वर गोड मराठीत, आपल्या माणसासारखं. परमुलखात आपली भाषा बोलणाऱ्यावर कोण संशय घेतो?

हिशेब असा: नोंदणी आणि पार्ट वनची फी 48,000 यूपीआयने, क्लासचे 52,500 चेकने, ‘अनुभवपत्रा’चे 18,000 रोख. रोखीची पावती नाही. नोंदणी स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या कार्डाने करा. फी डॉलरमध्ये थेट गार्पला जाते. खातं क्लासवाल्याच्या ईमेलवर उघडलं असेल, तर तुमची नोंदणी झाली की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मला कळलं नाही.

अनुभवपत्राचा तर संतापच येतो. दोन्ही पार्ट पास झाल्यावरही प्रमाणपत्रासाठी जोखीम व्यवस्थापनाशी संबंधित दोन वर्षांची पूर्णवेळ नोकरी दाखवावी लागते. इंटर्नशिप, अर्धवेळ काम चालत नाही. कामाचं स्वरूप स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायचं असतं. ‘नोकरी नसली तरी पत्र देतो’ म्हणणारा तुम्हाला खोटेपणात ओढतोय. आणि ‘डिग्रीशिवाय बसता येत नाही, आम्ही सोय करू’ म्हणाला, तर लगेच दाराबाहेरचा रस्ता धरा, कारण परीक्षेला पदवीची अटच नाही. पार्ट वननंतर पार्ट टू पास व्हायला चार वर्षं मिळतात. ‘याच महिन्यात दोन्हीचे पैसे भरा’ ही घाई कशासाठी?

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. ‘हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा.’ बँकेत गेलं की, ‘तुम्हीच पाठवलेत ना पैसे?’ 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर यूपीआयचे 48,000 नोंदवून घेतले. चेक आणि रोख रकमेसाठी परत ठाण्याचा रस्ता. ठाणेदारांनी तो शिक्क्याचा कागद हातातही घेतला नाही. शिकलेल्या माणसाला फसवलं की गुन्हा होत नाही, असा काही नियम आहे का?

त्याच बॅचमध्ये असाल, तर यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज डिलीट करू नका. गार्पला आजच स्वतः ईमेल करून तुमच्या नावाने नोंदणी आहे का ते विचारा. आणि क्लासवाले कबूल करोत वा ना करोत, गार्पचं उत्तर येईपर्यंत त्यांना पार्ट टूचा एक रुपयाही देऊ नका.