जुन्या कॉम्प्युटरमधलं नेटवर्क कार्ड : सात महिने वापरल्यावर

सात महिन्यांत कार्ड एकदाही बंद पडलेलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे बराचसा पहिल्या चार दिवसांचा त्रास आहे, आणि त्यात कार्डाचा दोष जवळजवळ नव्हता.

मदरबोर्डवरचं लॅन पोर्ट (नेटची केबल लावायची जागा) गेलेलं. त्यामुळे पीसीआय स्लॉटमध्ये (बोर्डवरची जादा कार्डं लावायची जुनी खाच) बसणारं, रिअलटेकच्या आरटीएल ८१३९ चिपचं, १०० मेगाबिटचं साधं कार्ड घेतलं. त्याआधी मी कॉम्प्युटरचं झाकणसुद्धा कधी उघडलं नव्हतं. मशीनवर हलकं लिनक्स (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) आहे.

बसवण्यापूर्वी पॉवरची वायर काढून ठेवली. नुसतं शटडाउन करून चालत नाही, प्लग लावलेला असेल तर बोर्डवर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच राहतो. कार्ड दाबलं, स्क्रू पिळला, मशीन सुरू केलं, आणि काहीच नाही. परत उघडून टॉर्च मारला तेव्हा दिसलं : कार्डाच्या मागच्या टोकाला सोनेरी पट्ट्या स्लॉटच्या वर डोकावत होत्या, जेमतेम दोन मिलिमीटर. पत्र्याच्या पट्टीचं खालचं टोक केसच्या कडेवर अडकलं होतं आणि स्क्रू आवळताना कार्डाची दुसरी बाजू वर उचलली जात होती. टोक खाचेत सरकवलं, दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबलं, आणि मग स्क्रू लावला.

यानंतर एलएसपीसीआय ही, पीसीआयवर जोडलेल्या वस्तूंची यादी दाखवणारी, कमांड दिली आणि यादीत ‘इथरनेट कंट्रोलर’ अशी ओळ आली. नवशिक्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ही ओळ दिसेपर्यंत ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) मागे लागू नका. यादीत कार्डच नसेल तर ड्रायव्हर कशाला धरणार?

ड्रायव्हरवर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. बूटच्या वेळचे संदेश वाचताना एक ओळ दिसली : ही चिप ‘८१३९सी प्लस’ प्रकारची नाही, ‘८१३९टू’ वापरा. मला वाटलं, कार्डच चुकीचं आलं. खरं म्हणजे या घराण्यातल्या चिपसाठी लिनक्समध्ये दोन ड्रायव्हर असतात. पहिल्याने ‘हे माझं काम नाही’ म्हणून बाजूला होताना दुसऱ्याचं नाव सांगितलं होतं, आणि दुसऱ्याने कार्ड केव्हाच ताब्यात घेतलं होतं. दोन ओळी खाली तसं लिहिलेलंही होतं. मी तिथवर वाचलंच नाही.

केबलचं थोडक्यात. प्लगची खिट्टी तुटलेली होती, त्यामुळे तो आत बसल्यासारखा वाटायचा पण दिवा लागायचा नाही. केबल बदलली, हिरवा दिवा लागला.

तरी राउटरकडून नेटवर्कवरचा पत्ता (आयपी अॅड्रेस) मिळेना. जुन्या माहितीत सगळीकडे कार्डाचं नाव ‘ईटीएच०’ असतं, म्हणून सेटिंगच्या फाइलमध्ये मीही तेच लिहिलं. हल्ली बऱ्याच लिनक्समध्ये नाव कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे त्यावरून ठरतं आणि ‘ईएनपी’ने सुरू होतं. खरं नाव टाकल्याबरोबर राउटरने पत्ता दिला. चौथ्या महिन्यात पंख्याला जागा हवी म्हणून कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये हलवलं आणि नेट गेलं. या वेळी पाच मिनिटांत कळलं, नाव बदललं होतं.

पहिल्या चार दिवसांतली सगळ्यात चकवणारी अडचण शेवटी आली. राउटरला पिंग (पोहोचतंय का ते बघणारा छोटा संदेश) जातंय, बाहेरच्या पत्त्याला जातंय, साइटच्या नावावरून पत्ताही सापडतोय, पण ब्राउझर प्रत्येक साइटला सर्टिफिकेटची (साइटची ओळख पटवणाऱ्या, ठरावीक मुदतीच्या दाखल्याची) तक्रार करून थांबतोय. मी पुन्हा कार्ड काढायला निघाले होते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं : १ जानेवारी २००३. बोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपली होती, दर वेळी वायर काढली की तारीख मागे जायची, आणि त्या तारखेला आजची सर्टिफिकेटं सुरूच झालेली नसायची. सीआर २०३२, ३ व्होल्टची बॅटरी. ती बदलून तारीख लावली आणि पहिलं पान उघडलं. तो क्षण मी विसरणार नाही. जुन्या मशीनवर नेट सुरू करताना ही बॅटरी सरळ आधीच बदला.

आता वेग. १०० मेगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फाइल आणताना मला ११च्या आसपास मिळतात. उणं एकच जाणवलं : मोठी फाइल येत असताना प्रोसेसरवर चांगलाच भार येतो आणि बाकीचं मशीन मंदावतं. या चिपसोबत ड्रायव्हरला आलेलं प्रत्येक पॅकेट मेमरीत एका जागेवरून दुसऱ्या जागी कॉपी करावं लागतं, ते काम जुन्या प्रोसेसरला जड जातं. मी मोठी कॉपी रात्री लावून ठेवते.

गिगाबिट कार्ड घ्यायला हवं होतं का, असा विचार मध्यंतरी केला. साधा पीसीआय मार्ग सेकंदाला १३३ मेगाबाइट नेतो, तोही सगळ्या कार्डांमध्ये वाटून, आणि माझी जुनी हार्ड डिस्क त्याच्या जवळपासही लिहू शकत नाही. या मशीनला हेच कार्ड पुरतं. दुसरं कुठलं घेणार असाल तर आधी झाकण उघडून बघा : पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड या जुन्या स्लॉटमध्ये बसत नाही.