उसागी योजिम्बो आणि सेरेबस: आठ महिन्यांच्या पुनर्वाचनानंतर

सुरुवात भांडणाने झाली. 'सेरेबस' या कॉमिक्स मालिकेचा दुसरा खंड, 'हाय सोसायटी', माझ्याकडून कुणीतरी वाचायला नेला तो परत आलाच नाही. शेवटी जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून मागवला. 'सर्व पानं सुस्थितीत' असं त्याने लिहिलं होतं. उघडून पाहिलं तर निवडणुकीच्या भागातली सोळा पानं गायब. फोटो पाठवले, पानांचे आकडे कळवले. उत्तर आलं, "गोष्ट तर कळतेय ना?" या एका वाक्यावर मी तीन आठवडे भांडले. कॉमिक्समधली गोष्ट पानावरच असते. ती पानं फाडून उरते कुठे?

भांडण चालू असताना राहवेना, म्हणून कपाटातलं सगळंच बाहेर काढलं. सेरेबसचे सोळाही खंड, त्या अपुऱ्यासकट, आणि 'उसागी योजिम्बो' या दुसऱ्या कॉमिक्स मालिकेचे जेवढे आहेत तेवढे. आठ महिने लागले. वीस वर्षं कुणीही विचारलं की मी सांगायचे, सेरेबस पहिली, उसागी दुसरी. आता तसं सांगणार नाही.

दोन्ही मालिका मुळात काळ्या-पांढऱ्या, दोन्हींचे नायक प्राणी, दोन्ही एकेका माणसाने आयुष्य घालून केलेल्या. पण मी तुलना करणार आहे ती अक्षरांची. संवादांच्या फुग्यांतली हाताने काढलेली अक्षरं. बहुतेक जण त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत, मी मात्र आधी तीच बघते.

सेरेबस करणाऱ्या डेव्ह सिमसारखी अक्षरं काढणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही. पात्र प्यायलेलं असेल तर अक्षरं झोकांड्या खातात. ओरडलं तर फुगा फुटायला येतो. कुजबुज असेल तर मोठ्या रिकाम्या फुग्याच्या तळाशी मुंगीएवढे शब्द. 'हाय सोसायटी'च्या शेवटाकडे पुस्तक आडवं धरून वाचावं लागतं, आणि त्या आडव्या पानांवर निवडणुकीचा गोंधळ अक्षरांतूनच ऐकू येतो. माझी नेमकी त्याच भागातली पानं गेली, म्हणून तर एवढा संताप. अंक 65 पासून गेरहार्ड हा दुसरा चित्रकार मागची दृश्यं काढायला लागला. त्याने रेघारेघांनी उभारलेल्या दगडी भिंती आणि जिने बघत मी एकेका पानावर दहा-दहा मिनिटं थांबले आहे. 'चर्च अँड स्टेट'चे दोन्ही खंड संपवले तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं, "अजूनही हीच पहिली."

ते चौथ्या महिन्यातलं मत. सहाव्या महिन्यात ते टिकलं नाही.

1994 मध्ये अंक 186 आला. त्यातला सिमचा लांबलचक निबंध या मालिकेच्या सगळ्या वाचकांना माहीत आहे. पुरुष म्हणजे प्रकाश, स्त्री म्हणजे पोकळी. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तरुण होते. त्या माणसाचं काम इतकं मोठं आहे की हे सोडून द्यावं, असं स्वतःला समजावलं होतं. या वेळी नाही समजावलं. एक बाई ती पानं वाचतेय, इतकी वर्षं पदरचे पैसे घालून ती ही मालिका घेत आली आहे, आणि तिला सांगितलं जातंय की तू पोकळी आहेस. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

पण मालिका मनातून उतरली ती फक्त मतांमुळे नाही. अक्षरं चित्रांना गिळायला लागली. 'जाकाज स्टोरी'तही गद्य आहे, पण तिथे ते चित्राच्या शेजारी नांदतं. पुढे तसं राहिलं नाही. 'लॅटर डेज'मध्ये सेरेबस तोराहवर, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथावर, भाष्य करत बसतो, ते सगळं बारीक टायपात, पानामागून पान. मी भिंग घेऊन वाचलं. सगळं वाचलं, एक ओळ सोडली नाही. ज्याला एका फुग्यात आख्खा माणूस उभा करता येत होता, त्याने फुगाच टाकून द्यावा याचं दुःख मला त्या निबंधापेक्षा जास्त आहे.

त्याने शब्द पाळला, हे मान्य केलंच पाहिजे. 300 अंक काढीन म्हणाला आणि डिसेंबर 1977 ते मार्च 2004 मध्ये ते पूर्ण केले. अंक 111 मध्ये चंद्रावर सेरेबसला भविष्य सांगितलं जातं, की तू एकटा मरशील, तुझ्यासाठी कुणी रडणार नाही. सुमारे सोळा वर्षांनी शेवटच्या अंकात तसंच घडतं. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

आता उसागी. स्टॅन साकाईचा हा सामुराई ससा 1984 पासून चालतोच आहे. मी त्याला साधा समजत होते, ती माझी चूक होती. साकाई लिहितो, चित्रं काढतो आणि अक्षरंही स्वतःच काढतो. 1996 चा अक्षरलेखनाचा आइसनर हा कॉमिक्सचा पुरस्कार त्याला मिळाला तेव्हा मला नवल वाटलं होतं, कारण त्याची अक्षरं डोळ्यांत भरतच नाहीत. सरळ, गोल, एका उंचीची. आठव्या महिन्यात लक्षात आलं की त्याच्या पानावर मी वाचताना एकदाही अडखळले नव्हते.

आणि ती कवटी. लढाईत कुणी मेलं की त्याच्या तोंडून एक छोटा फुगा निघतो, त्यात शब्द नसतात, फक्त कवटी असते. 'ग्रासकटर' या उसागीच्या कथेत एकामागून एक असे फुगे वर जातात, आणि प्रत्येक माणूस शेवटचं काहीतरी बोलून गेल्यासारखा वाटतो. सेरेबसच्या लांबलचक भाष्यात जे सापडलं नाही ते मला नखाएवढ्या फुग्यात सापडलं.

उसागीतली पतंगाची गोष्टही पुन्हा वाचा. एक कारागीर प्रचंड पतंग बनवतो, ते काम टप्प्याटप्प्याने दिसतं. मग तेच प्रकरण एका जुगाऱ्याच्या बाजूने, मग उसागीच्या. तीन माणसं, एक पतंग, आणि कुणाचं बोलणं कुणावर कुरघोडी करत नाही. बायकांचंही तसंच. तोमोए, किट्सुने, चिझू या तिघी तलवार, चोरी आणि हेरगिरी आपापल्या अकलेने करतात. त्यांच्याविषयी कुणी निबंध लिहिलेला नाही.

तक्रारी आहेत. प्रकाशक बदलला की अंकांचे आकडे पुन्हा एकपासून, त्यामुळे कपाटात क्रम लावताना डोकं उठतं. 2019 पासून नियमित रंग आले. मला ते नको होते. साकाईची रेघ काळ्या शाईत पूर्ण असते, रंगाने ती थोडी मागे सरकते. एकगठ्ठा वाचताना तेच तेच जपानी शब्द तळटिपेत पुन्हा समजावलेले दिसतात, त्याचाही कंटाळा येतो. तरीही एकही खंड मध्येच मिटला नाही.

सेरेबसचे पहिले पाच खंड मी ठेवणार आहे. उरलेले अकरा खोक्यात भरले. कुणाला हवे असतील तर न्या, 'लॅटर डेज'बरोबर भिंगही देते. विक्रेत्याने शेवटी अर्धे पैसे परत केले. त्या पैशांत मी माझ्याकडे नसलेला उसागीचा एक खंड घेतला. आल्याबरोबर आधी पानं मोजली. पूर्ण आहेत.