छोट्या तळ्यात आणि ओढ्यात बास गरवायला लाइट टॅकल: वापरानंतरचा अनुभव

घराजवळच्या तळ्यावर नाहीतर ओढ्याकाठी उभं राहून बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गरवायचा असेल, तर दुकानात 'बास रॉड' म्हणून मांडलेला जाडजूड रॉड घेऊ नका. लाइट टॅकल, म्हणजे गरवायचं हलकं सामान घ्या, पण अल्ट्रालाइटपर्यंत, म्हणजे सगळ्यात हलक्या सामानापर्यंत खाली उतरू नका. गेल्या ऑक्टोबरपासून मी टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या उत्तरेला सीडर पार्क, राउंड रॉकच्या भागात ब्रशी क्रीकवर आणि वस्त्यांमधल्या पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यांवर एकच सेट वापरतो आहे. थंडी, विणीचा हंगाम आणि टेक्ससचा उन्हाळा हे सगळं त्यात येऊन गेलं, म्हणून आता खात्रीने लिहितो.

सेट असा: साडेसहा फुटी मीडियम-लाइट स्पिनिंग रॉड, टोक फास्ट, म्हणजे मुख्यतः टोकाशी वाकणारा. 2000 साइजचं रीळ. रिळावर 10 पाउंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि त्यापुढे चार-पाच फूट 6 किंवा 8 पाउंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाकडचा पाण्यात कमी दिसणारा दोरीचा तुकडा. जोडणीला डबल युनी गाठ.

इथले ओढे चुनखडकावरून वाहतात. पाऊस नसला की पाणी इतकं नितळ असतं की गुडघाभर पाण्यातला मासा तुम्हाला दिसतो, आणि त्याच्या आधी तुम्ही त्याला दिसलेले असता. अशा ठिकाणी अर्ध्या औंसाचं आमिष धपकन पडलं की डोह निदान पाऊण तास मेल्यासारखा होतो. एक सोळांश औंसाचं आमिष मात्र पान पडावं तसं पडतं, आणि एवढं हलकं आमिष जाड रॉडने लांब जातच नाही. लाइट टॅकलमध्ये मजा येते म्हणून ते घ्या असं बरेच जण सांगतात. येतेच. पण मी ते घ्या म्हणतो ते या शांतपणासाठी.

आमिषांत माझा सगळ्यात जास्त विश्वास नेड रिगवर बसला आहे. कॅन्ससचे नेड केहडी यांच्या नावाची ही पद्धत. मशरूमसारख्या डोक्याचा छोटा जिग (वजन लावलेला गळ) आणि त्यावर पावणेतीन इंचाचा प्लास्टिकचा तुकडा, एवढंच. झी-मॅन कंपनीचं प्लास्टिक पाण्यावर तरंगणारं असल्यामुळे जिग तळाला टेकला तरी शेपूट वर उभं राहतं. फेकायचं, बुडू द्यायचं आणि दोरीकडे बघत राहायचं. नव्या माणसाला हे 'काही न करणं' फार जड जातं, हात सारखा हलवावासा वाटतो. बहुतेक मासे आमिष बुडता बुडताच घेतात आणि हाताला झटका असा लागतच नाही. दोरी उगीच बाजूला सरकते किंवा वेळेआधी सैल पडते, तेव्हा ओढायचं. एक काळजी घ्या: हे प्लास्टिक दुसऱ्या मऊ प्लास्टिकबरोबर एका डबीत ठेवलं तर दोन्ही वितळून एकमेकांना चिकटतात.

तळ्यात चार इंची सेन्कोला (किड्यासारखं मऊ प्लास्टिकचं आमिष) मधोमध गळ लावून वॅकी पद्धतीने टाकतो. वजन काहीच लावत नाही. मिठामुळे तो आपोआप बुडतो आणि बुडताना दोन्ही टोकं थरथरतात. मऊ प्लास्टिक दोन-तीन माशांत फाटतं, म्हणून रबरी कडी घालून गळ त्या कडीतून घ्यावा. वाहत्या पाण्यात छोटा मेप्स स्पिनर उत्तम चालतो. फक्त फिरणाऱ्या पात्यामुळे दोरीला पीळ पडतो, तेव्हा आधी एक लहान स्विव्हल (फिरती कडी) बांधा.

ओढ्यातला खरा मानकरी ग्वाडलूप बास. 1989 पासून हा टेक्ससचा राज्यमासा आहे आणि मध्य टेक्ससच्या नद्या-ओढ्यांखेरीज तो मूळचा कुठलाच नाही. लार्जमाउथ या नेहमीच्या मोठ्या तोंडाच्या बासचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, याचा तेवढा मागे जात नाही, आणि अंगावरच्या चौकोनी ठिपक्यांच्या ओळी पोटाकडे उतरत जातात. एक पाउंडाचा ग्वाडलूप म्हणजे चांगला मासा. जाड रॉडवर तो नुसता ओढला जाईल, पण मीडियम-लाइटवर हाच मासा प्रवाहाचा आधार घेऊन रॉड मुठीपर्यंत वाकवतो. बाहेरून आणून सोडलेल्या स्मॉलमाउथ बासशी संकर होऊन या जातीचं शुद्ध बीज कित्येक ठिकाणी कमी झालं, आणि आता शुद्ध पिल्लं हॅचरीत वाढवून नद्यांत सोडतात. म्हणून तो हातात आला की मी हात ओले करूनच धरतो आणि लगेच पाण्यात सोडतो. कोकणात वहाळाच्या कोंडीत गरी टाकलेल्या माणसाला ओढ्यावरची ही जागा शोधायची नजर नव्याने शिकावी लागणार नाही: प्रवाह जिथे मंदावतो ती कड, दगडाची मागची बाजू, झाडाच्या मुळांखालची सावली.

मग अल्ट्रालाइट का नको? पाणी लहान म्हणजे मासा लहान, असं नसतं. 1932 साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी धरलेला 22 पाउंड 4 औंसांचा विक्रमी लार्जमाउथ माँटगोमेरी लेकमधला, म्हणजे ओकमल्गी नदीच्या जुन्या सुटलेल्या वळणात साचलेल्या पाण्यातला होता. आपल्या वस्तीतल्या तळ्यातही चार-पाच पाउंडांची मादी निघते. पण दोरी तुटण्यापेक्षा मला दुसरी काळजी जास्त आहे. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. अशा पाण्यात 4 पाउंडी दोरीवर मासा दहा मिनिटं झुंजवला, तर सोडल्यावर तो पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. तो पटकन काठाला आणता येईल एवढी ताकद हातातल्या सामानात हवीच. जुलै-ऑगस्टमध्ये मी फक्त पहाटे जातो, आणि गळाचे काटे पकडीने कायम दाबून टाकतो.

विणीच्या काळात, म्हणजे इकडे साधारण फेब्रुवारी ते मे, काठाजवळ स्वच्छ केलेल्या गोल घरट्यावर नर पहारा देत असतो. तो स्पष्ट दिसतो आणि सहज चिडतोही, पण त्याला गरवू नये. तो जागेवरून हलला की ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात.

आता त्रुटी. मे संपला की तळ्यांवर शेवाळाचा थर येतो आणि तिथे हा सेट हतबल आहे. उघडा गळ प्रत्येक फेकीला हिरवा गोळा होऊन येतो, आणि पाणगवतात घुसलेला मासा 8 पाउंडी लीडरने उपसता येत नाही. त्या दोन-तीन महिन्यांत तळं सोडून ओढ्यावर जावं किंवा वेगळा, ताकदवान रॉड ठेवावा. माझ्या रिळाचा लाइन रोलर (दोरी ज्यावरून सरकते ती चकती) काही महिन्यांत कुरकुरायला लागला, थेंबभर तेलाने थांबला. रॉडच्या टोकाच्या कडीतलं अस्तर निघालं आणि ब्रेडला धार लागून ती दोनदा तुटली. टोकाच्या कडीतून कापसाचा बोळा फिरवून बघावा, धागा अडकला की कडी बदलायची वेळ आली.

ब्रेडला गुंता होतो ही तक्रार सगळ्यांची असते. आमिष पाण्यात पडलं की रिळावरची दोरी अडवणारी तार हाताने बंद करा, दोरी बोटांनी ताणा आणि मगच हँडल फिरवा. रीळही काठोकाठ भरू नका. एवढं पाळल्यापासून माझा गुंता जवळजवळ थांबला आहे. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की रीळ ज्या ताणाला दोरी सोडतं तो ताण, लीडरच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर ठेवा, सामान तोलायच्या लहान काट्याने ते घरीच मोजता येतं.

लहान मुलांसाठी याहून चांगला सेट मला ठाऊक नाही. बास रुसला तरी रेडब्रेस्ट, लाँगइअर, ब्लूगिल असे छोटे मासे सतत आमिषाला लागतात आणि या रॉडवर तळहाताएवढा मासाही जाणवतो. टेक्ससमध्ये 17 वर्षांखालच्यांना परवाना लागत नाही, आणि स्टेट पार्कच्या आत गरवायला मोठ्यांनाही लागत नाही. पहिल्यांदा जायचं असेल तर ऑस्टिनच्या दक्षिणेचं मॅकिनी फॉल्स बघा, तिथे ऑनियन क्रीकच्या धबधब्याखाली ऐसपैस डोह आहे. वस्तीतल्या तळ्यावर मात्र आधी फलक वाचा, काही ठिकाणी फक्त रहिवाशांनाच मुभा असते.

बजेट मर्यादित असेल तर रीळ मध्यम दरातलं घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या ब्रेडवर आणि लीडरवर घाला. लीडर दर फेरीआधी बोटांतून फिरवून बघा. चुनखडकावर घासून तो खरखरीत झाला असेल, तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारा.