चिंचिलाच्या अंघोळीची राख म्हणून मला 3,800 रुपयांना रांगोळी विकली

एकूण 7,870 रुपये गेले. पूर्ण आकडा घरात अजून कोणाला सांगितलेला नाही. इथे लिहितेय, कारण आणखी कोणाचं जनावर असं तळमळायला नको.

चिंचिला म्हणजे उंदरासारखा कुरतडणारा, दाट फरचा छोटा पाळीव प्राणी. त्याला पाण्याने अंघोळ घालत नाहीत. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, कोरड्या थंड हवेतला. एकेका छिद्रातून पन्नासाहून जास्त केस, इतकी दाट फर की पाणी आत गेलं की लवकर वाळत नाही आणि खाली बुरशी धरते. म्हणून तो ज्वालामुखीच्या दगडाच्या बारीक राखेत लोळतो. ती राख केसांच्या मुळापर्यंत जाऊन तेल आणि ओल शोषून घेते. आमचा भुऱ्या खरं तर मुलीचा. ती जर्मनीला शिकायला गेली आणि तो माझ्याकडे राहिला. तिने ठेवलेला राखेचा डबा मार्चमध्ये संपला. पुण्यात चार दुकानं फिरले. हॅमस्टरची वाळू मिळते, पण ती जाड असते, चालत नाही.

मग इन्स्टाग्रामवर ते पान दिसलं. ‘थेट चिलीहून आयात’, चार किलो 3,800 रुपये, पैसे आधी. भरले. दोन दिवसांनी मेसेज आला, माल कस्टमला अडकलाय, 1,180 भरा. तेही भरले. आता वाचताना तुम्हाला लगेच कळतंय, मला माहीत आहे. पण भुऱ्याने तेरा दिवस राख पाहिली नव्हती, फर चिकटून तिचे झुपके झाले होते, आणि पोरीला रोज व्हिडिओ कॉलवर तो दाखवायचा होता.

पार्सल आलं. पावतीवर पाठवल्याचा पिन कोड महाराष्ट्रातलाच. तेही सोडून देऊ. पिशवी फोडली, चिमूट घेतली आणि बोटांतून सोडली. ती सरळ खाली पडली. फरशीवर बारीक, सलग रेघ उठली.

चाळीस वर्षं मी रोज सकाळी दारात रांगोळी काढतेय. ती रेघ माझ्या बोटांनी ओळखली होती. जुन्या डब्यातली राख करडी होती, पिठासारखी उडायची, झाकण काढलं की टेबलावर तिचा थर बसायचा. ही पांढरी, जड, बोटांत करकरणारी. मी थांबले. मनात शब्दसुद्धा आला, रांगोळी. आणि तरी स्वतःची समजूत घातली की वेगळ्या खाणीतली असेल. पतसंस्थेत तीस वर्षं कॅशवर बसले, खोटी नोट हाताला लागली की कळायची. मी भोळी नाही. पण पाच हजार भरून झाल्यावर माणसाला आपली चूक बघायची नसते. मी भांडं भरलं आणि भुऱ्याला आत सोडलं.

तो लोळला. तिसऱ्या दिवशी डावा डोळा लाल, सारखा पंजाने चोळतोय, शिंका. रात्री अकराला विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर लगेच आलं: फंगस आहे, आमचा औषधी शाम्पू लावा, 950. शाम्पू! चिंचिलाला! हे कळूनही मी पैसे पाठवले, कारण पोरीचा फोन लागत नव्हता आणि तो तडफडत होता. शाम्पू आलाच नाही. सकाळी नंबर ब्लॉक.

डॉक्टरांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून खडे धुऊन काढले. तपासणी 1,200, औषधं 740. या रकमेची पावती मिळाली, एवढाच फरक.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, “मांजर आहे का?” दुसरा, “परवाना आहे का?” म्हणजे चौकशी माझीच. मग म्हणाले, माल तर मिळाला ना, मग हा ग्राहकाचा विषय, ग्राहक मंचात जा. ग्राहक हेल्पलाइनवर विक्रेत्याचं नाव आणि पत्ता विचारला. तो असता तर मी स्वतः गेले नसते का? कुरिअरवाल्यांकडे पत्ता आहे, पण पोलिसांचं पत्र आणा म्हणतात. पोलीस म्हणतात, गुन्हा नाही तर पत्र कसलं. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. हो, मीच टाकला! म्हणून चोर साव होतो? तिथल्या मुलाने माझ्यादेखत शेजारच्याला हसत सांगितलं, “मावशींना उंदराची वाळू खोटी मिळाली.” तीन चकरा मारल्या, एकानेही ती पिशवी उघडून पाहिली नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी पाचव्या दिवशी फोन केला, तोवर पैसे पुढे गेले होते. तुम्ही पहिल्या तासात करा. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा, मी काढला नाही. राख उडायला हवी. रेघ ओढता आली तर ती जनावराजवळ नेऊ नका. बेबी पावडरचा जुगाड कोणी सुचवला तर अजिबात नाही, फुप्फुसांना लागते. आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, मग भांडं बाहेर. पावसाळ्यात एखाद वेळ जास्त. ओली गुठळी दिसली की ती राख फेकून द्या. आणि जो चिंचिलासाठी शाम्पू विकतो त्याला चिंचिला माहीतच नाही, तिथेच थांबा.

भुऱ्याचा डोळा आता उघडतो. पोरीच्या मैत्रिणीने मुंबईहून अर्धा किलो खरी राख पाठवली आहे. ते पान मात्र नवीन नावाने परत सुरू झालंय. फोटो तोच: निळं भांडं, डाव्या काठाला टवका उडालेला, आत करडा चिंचिला. तो फोटो दिसला तर पैसे पाठवू नका.