आधी काय ऐकावं: स्मेतानाची नदी की श्ट्राउसचा डोंगर?

चेक संगीतकार स्मेतानाची ‘व्ल्टावा’ (1874) ही त्याच नावाच्या नदीचा प्रवास सुरांत मांडणारी ऑर्केस्ट्राची रचना, जेमतेम 12-13 मिनिटांची. पहिल्या झऱ्याला फ्लूट, दुसऱ्याला क्लॅरिनेट. पाणी एकत्र आलं की व्हायोलिनवर ती प्रसिद्ध धून. वाटेत शिकारीचे हॉर्न, खेड्यातल्या लग्नाचा पोल्का नाच, खडकांवरचा खळाळ आणि शेवटी प्राग. हे सगळं लिहिताना स्मेतानाला ऐकू येणं पार बंद झालं होतं!

जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउसची ‘आल्पाइन सिंफनी’ (1915) म्हणजे ऑर्केस्ट्राच्या सुरांतून आल्प्सच्या डोंगराची पाऊण तासाची चढउतार. पहाट, धबधबा, गुरांच्या घंटा, वादळासाठी वाऱ्याचं आणि गडगडाटाचं यंत्रसुद्धा. वादळ झकासच, पण शिखर गाठेपर्यंत मला तरी दम लागतो. नवख्यानं नदीच धरावी. डोंगर मात्र मोबाइलच्या स्पीकरवर नको, जमलं तर सभागृहातच ऐका.