प्राडोचा ‘गेलेला’ गिअरबॉक्स आणि न उघडलेले बोल्ट

पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत जुन्या ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर गाड्यांचे गिअरबॉक्स ‘जातात’. काही खरंच जातात. बाकीच्यांचं काय होतं, ते या एका गाडीवरून कळेल.

घोडबंदर रोडवरच्या एका मालकाची १९९०च्या दशकाच्या शेवटची टोयोटा प्राडो. १केझेड डिझेल इंजिन, ए३४३एफ हा चार स्पीडचा गिअरबॉक्स. लक्षण एवढंच: डीमध्ये टाकून ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी रडतखडत उठते, वेग धरल्यावर मात्र ठीक चालते. डॅशबोर्डवर ‘ओ/डी ऑफ’चा (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, बंद असल्याचा) दिवा लुकलुकत होता, त्याच्याकडे गॅरेजवाल्याने पाहिलंही नाही. एक पाय ब्रेकवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर, आणि ‘बघा साहेब, क्लचच्या प्लेटा सरकतायत’ म्हणत इंजिन चांगलं अर्धा मिनिट रेटलं. मग डिपस्टिक काढून मालकाच्या नाकाशी धरली. वास जळकाच येणार! याला स्टॉल टेस्ट म्हणतात आणि ती ५ सेकंदांच्या वर कधीच करायची नसते, कारण तेवढ्या वेळात इंजिनची सगळी ताकद कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातलं) ऑइल तापवण्यात जाते. चांगल्या गिअरबॉक्सचं ऑइलही अशाने जळू शकतं.

एस्टिमेट निघालं दीड लाखाच्या वर, निम्मे आगाऊ. गाडी परत मिळाली, नीट चालली, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजात रॅम्पवर चढवली तेव्हा प्रकार उघड झाला. गिअरबॉक्सला खालून आधार देणाऱ्या क्रॉसमेंबरच्या बोल्टांवर जुना चिखल दगडासारखा घट्ट बसलेला, पान्याचा एक ओरखडा नाही. प्रॉपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) नटांवरही तेच. हे उघडल्याशिवाय गिअरबॉक्स उतरतच नाही. बिलात एटीएफ (गिअरबॉक्सचं ऑइल) ४ लिटर लावलेलं. साधारण एवढं चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं तबक) काढून ऑइल बदलायला लागतं. कन्व्हर्टरसकट रिकामा केलेला गिअरबॉक्स त्याच्या दुपटीहून जास्त पितो. थोडक्यात, चेंबर खोललं, ऑइल बदललं, कनेक्टरवर स्प्रे मारला आणि ओव्हरहॉलचे पैसे घेतले.

दोष होता त्या कनेक्टरमध्येच. गिअरबॉक्सच्या कुशीला सोलेनॉइडच्या (विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) वायरी जिथे जोडतात, तिथे पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या होत्या. या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलायला दोन सोलेनॉइड असतात. दोघांचाही करंट तुटला तर आतल्या व्हॉल्व्हची रचनाच अशी आहे की लिव्हर डीमध्ये असेल तर गाडी थेट चौथ्या गिअरमध्ये उठते, टूमध्ये तिसऱ्यात, आणि एलमध्ये पहिल्यात. चौथ्यात उठणारी दोन टनांची गाडी प्लेटा जळाल्यासारखीच वाटते. पण पुढे जाणाऱ्या सगळ्या गिअरना एक क्लच सामाईक असतो. तेव्हा डीमध्ये मेलेली गाडी एलमध्ये जोमाने उठत असेल, तर तो क्लच शाबूत आहे. सपाट, रिकाम्या रस्त्यावर ही तपासणी कुणालाही जमते, पैसा लागत नाही. गॅरेजवाला एलमध्ये टाकून दाखवायला टाळाटाळ करत असेल तर चावी परत मागा.

हेच उलट बाजूनेही करता येतं. सोलेनॉइडचा कनेक्टर मुद्दाम काढून गाडी चालवायची. डी, टू आणि एलमध्ये वर सांगितल्याप्रमाणे तीन वेगळे गिअर मिळाले, तर आतलं यंत्र ठीक आहे आणि दोष वायरिंग, सोलेनॉइड किंवा कंट्रोल युनिटकडे (गिअर बदलाचा हुकूम देणाऱ्या कॉम्प्युटरकडे) आहे. तिन्हीकडे सारखीच घसरण असेल तर मात्र दोष आतला. नंतर कंट्रोल युनिटने नोंदलेले दोषाचे कोड पुसायला विसरू नका. कोड वाचायला त्या काळच्या टोयोटात स्कॅनरही लागत नाही: डायग्नोसिस कनेक्टरमध्ये टीई१ आणि ई१ वायरच्या तुकड्याने जोडायचे, चावी ऑन, ओव्हरड्राइव्हचं बटण ऑन, आणि दिव्याचे झटके मोजायचे. ६२ आणि ६३ म्हणजे हे दोन सोलेनॉइड, ६४ म्हणजे लॉकअपचा (वेग धरल्यावर कन्व्हर्टर इंजिनशी घट्ट जखडणारा), ४२ आणि ६१ म्हणजे स्पीड सेन्सर. सोलेनॉइडचा रोध थंड असताना ११ ते १५ ओहम यायला हवा. गिअरबॉक्सच्या बाजूने बरोबर आणि कंट्रोल युनिटकडून मोजल्यावर तुटलेला आला, तर चोर मधल्या वायरिंगमध्ये आहे. कुठलाही बरा वायरमन हे काम करतो.

आता चुंबकाची गोष्ट, कारण सर्वांत जास्त लोक इथे घाबरतात. चेंबरच्या तळाला छोटी चुंबकं असतात आणि त्यांवर करडा, मऊ लगदा साठतो. तो दाखवून ‘बुकणा झालाय बघा’ म्हणतात. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत तो असणारच. बोटांत चोळून पाहा. काजळासारखा गुळगुळीत लागला तर साधी झीज. नखाला टोचणारे चकाकते तुकडे, पितळी कण किंवा प्लेटांच्या अस्तराचे काळे पापुद्रे सापडले तर मात्र गंभीर. काही ठिकाणी दुसऱ्याच गाडीच्या जळक्या प्लेटा फडताळात तयार असतात. म्हणून गिअरबॉक्स तुमच्या डोळ्यांदेखत उघडला नसेल तर प्लेटांच्या फोटोला किंमत देऊ नका.

दोन खोट्या गजरांची मोठी बिलं झालेली आहेत. पहिला, ट्रान्स्फर केसचं (फोर-बाय-फोरचं) लिव्हर अर्धवट न्यूट्रलमध्ये राहिलं की गाडी ना पुढे जाते ना मागे. दुसरा, ‘मुंबईच्या हवेत नको’ म्हणून काढून टाकलेला थर्मोस्टॅट. इंजिन गरम होत नाही, म्हणून कंट्रोल युनिट चौथा गिअर आणि लॉकअप देत नाही, आणि पावसाळी रात्री पामबीच रोडला माणूस म्हणतो गिअरबॉक्स अडकतोय.

खरी दुखणी वेगळी दिसतात. इंजिन आणि ऑइल गरम असताना न्यूट्रलमधून डीमध्ये टाकल्यावर १.२ सेकंदांच्या आत आणि आरमध्ये १.५ सेकंदांच्या आत धक्का जाणवायला हवा. त्याहून उशीर म्हणजे प्रेशर कमी किंवा क्लच झिजलेला. मग लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब) गेजने मोजून घ्या. केसवर त्यासाठी प्लग असतो, आणि गेज नाही म्हणणाऱ्याकडे ओव्हरहॉल देऊ नये. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ गुलाबी आलं तर रेडिएटरमधला कूलर फुटलाय किंवा साचलेल्या पाण्यात ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून) पाणी शिरलंय. ती गाडी चालवत नेऊ नका, टोचन करून न्या.

काम द्यायचंच ठरलं तर आधी क्रॉसमेंबरच्या आणि बेलहाउसिंगच्या (इंजिनला जोडणाऱ्या भागाच्या) बोल्टांवर रंगाचा ठिपका द्या, फोटो काढा. काढलेले पार्ट परत हवेत हे जॉब कार्डवर आधीच लिहून घ्या आणि जीएसटीच्या बिलात पार्ट व ऑइलचे लिटर वेगवेगळे मागा. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. या प्राडोच्या मालकाकडे ४ लिटरचं बिल आणि चिखलाने माखलेल्या बोल्टांचे फोटो आहेत.