लिस्बनमध्ये बुटाचा सोल सुटला तर

अल्फामात, म्हणजे लिस्बनच्या जुन्या वस्तीत, सगळे चढउतार आणि चुनखडीची गुळगुळीत फरसबंदी. तिथेच माझ्या बुटाचा सोल सुटला. हॉटेलवालीने मागच्या गल्लीतल्या एका आजोबांकडे धाडलं. एवढंसं दुकान. आजोबांनी सोल बोटांनी चुरूनच दाखवला: पॉलियुरेथेन (सोलचं फेसाळ प्लास्टिक) दमट हवेनं आतून विरतं, बूट न वापरताही. (आणि आमचे बडोद्याच्या पावसाळ्यात कपाटात बंद!) नुसतं चिकटवून द्यायला साफ नकार. जुना थर खरवडला, रबराचा नवा सोल बसवला, वर कडेनं शिलाई. दुसऱ्या दिवशी तयार. युरो मोजताना जीव वरखाली झाला, बडोद्यात मांडवीच्या बाजारात एवढ्यात नवी जोडी आली असती. पण काम चोख. पैसे रोख लागतात, आणि दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नका.